विंगसूटसाठी कॅनोपी: सेकंडहँड स्पेक्टर १७० वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये कापडी पंख शिवलेला सूट, घालून विमानातून उडी मारणार असाल तर कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं छत्र, सात सेलची (सेल म्हणजे हवा भरणारे कप्पे) घ्या, आपल्या वजनाला जरा मोठीच घ्या, आणि ती उडते कशी हे विचारण्याआधी उघडते कशी ते विचारा. माझ्याकडे परफॉर्मन्स डिझाइन्स कंपनीची स्पेक्टर १७० (म्हणजे १७० चौरस फुटांची) आहे, सेकंडहँड. दिसायला जुन्या वळणाची, हवेत जरा आळशी, पण उघडताना सरळ. दहापैकी साडेसात मार्क. उरलेले अडीच कुठे कापले ते पुढे येईलच.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे आणि माझं शिक्षणही टेक्स्टाइलचंच. त्यामुळे हा रिव्ह्यू वाचताना दोन गोष्टी सोसाव्या लागतील: मी कापडावर नको इतका बोलेन, आणि स्टायलिश लँडिंगवर फारसं बोलणार नाही. उड्या मी थायलंडला जाऊन मारतो. होटगी रोडचं विमानतळ सुरू झालं, आता गोव्याला विमानही जातं, पण त्यातून मध्येच उतरू देत नाहीत. तेव्हा सोलापुरात बसून फक्त सामान निवडायचं, तपासायचं, घडी घालायचं. खरं सांगायचं तर निम्मं काम तिथेच होतं.

विंगसूटला वेगळी कॅनोपी कशाला, असं नवीन पोरं विचारतात. साध्या उडीत माणूस पोटावर आडवा पडतो, ताशी १९०-२०० किलोमीटरने, जवळजवळ सरळ खाली. पायलट चूट, म्हणजे आधी हाताने फेकायची छोटी छत्री, हातातून सुटली की तिला खालून येणारं जोरदार वारं मिळतं आणि ती कॅनोपीची घडी असलेली बॅग ओढून वर नेते. विंगसूटमध्ये खाली जायचा वेग ६० ते १०० च्या घरात येतो आणि पुढे जायचा वेग दीडशेच्या वर. म्हणजे बॅग डोक्यावर जात नाही, पायांच्या दिशेने मागे जाते. आणि मागे काय असतं? अंगाने आणि दोन पायांमधल्या पंखाने विस्कटून टाकलेली हवा. पायलट चूट त्या मेलेल्या हवेत अडकली तर कमरेमागे घुटमळत राहते. ती बाहेर पडली तरी बॅग तिरकी ओढली जाते. त्यात आपले हात-पाय शिवलेल्या पंखांत. एक खांदा किंचित खाली, एक गुडघा किंचित वाकलेला, एवढ्यानंसुद्धा कॅनोपी एका बाजूला भरते आणि दोऱ्यांना पीळ पडतो.

पीळ पडणं ही काही मोठी गोष्ट नाही. प्रश्न असा की पीळ पडल्यावर कॅनोपी काय करते. लांबट पंखाची, नऊ सेलची, लंबगोल आकाराची कॅनोपी, त्यात वजनाच्या मानाने लहान, म्हणजे पीळ पडताच ती एका खांद्यावर झुकते आणि गरगर फिरत नाक खाली करते. दर फेरीला वेग वाढतो. मग पीळ सोडवायला पाय मारायचे, तर पाय एकाच कापडात! पंखाची चेन उघडेपर्यंत दोन फेऱ्या होऊन जातात. सात सेलची कॅनोपी रुंदीला कमी आणि खोलीला जास्त असते. पीळ पडला तरी ती बहुतेक वेळा जागेवर, डोक्यावर थांबते. आपल्याला चेन उघडायला, रायझर (खांद्यावरून दोऱ्यांकडे जाणारे पट्टे) पसरायला, उलट फिरायला वेळ देते. मी एकदा भाड्याने घेतलेल्या नऊ सेलवर हे उलटं होताना अनुभवलंय, कुठल्या कंपनीची होती ते सांगत नाही. सुटलो, कॅनोपी कापून सोडावी लागली नाही, पण उतरल्यावर त्या सेंटरच्या काउंटरवर जाऊन 'सात सेलची काय आहे?' एवढंच विचारलं.

आणखी एक साधं निरीक्षण. रिझर्व्ह पॅराशूट, म्हणजे शेवटचा आधार, ती बहुतेक सगळ्यांचीच सात सेलची असते. जीवावर बेतल्यावर जो आकार आपण पाठीवर बाळगतो, तोच रोजच्या वापरात घ्यायला लाजायचं कशाला?

आधुनिक विंगसूटला आकार देणारा फ्रेंच स्कायडायव्हर पॅट्रिक द गेयार्दाँ १९९८ साली हवाईमध्ये गेला. सूट फाटला म्हणून नाही. पॅराशूटच्या कंटेनरमध्ये त्याने केलेला बदल अंगावर आला. त्यानंतर वर्षभरात रॉबर्ट पेचनिक आणि यारी कुओस्मा यांनी बर्डमॅन कंपनी काढली आणि विंगसूट सर्वसामान्य स्कायडायव्हरच्या हातात आला. या खेळाचा सगळा बोलबाला पंखांचा. व्हिडिओ पंखांचे, चर्चा पंखांची, पैसा पंखांवर. पाठीवरचं पॅराशूट म्हणजे लग्नातल्या वऱ्हाडासारखं, आहेच म्हणून धरलेलं.

आणि जे लोक म्हणतात 'एएडी, म्हणजे आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र, आहे ना', त्यांच्यासाठी. सायप्रस या एएडीच्या एक्सपर्ट मॉडेलचं गणित साधं आहे: साधारण २२५ मीटरवर तुम्ही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा, म्हणजे ताशी १२६ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असाल तर ते रिझर्व्ह उघडतं. विंगसूट नीट उडत असेल तर तुमचा खाली जायचा वेग तेवढा नसतोच. मशीनच्या हिशोबाने तुमचं सगळं ठीक चाललंय! २२५ मीटर म्हणजे किती ते सोलापूरकरांना लगेच कळेल. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी, जी जून २०२३ मध्ये विमानतळापायी पाडली, ती नव्वद-एक मीटरची होती. अशा अडीच चिमण्या. त्या उंचीवर मशीनची वाट बघत बसायचं नसतं. आपली कॅनोपी वर, वेळेत, सरळ उघडली पाहिजे, बाकी सगळं नंतर.

आता स्पेक्टरकडे येतो.

स्पेक्टर हे डिझाइन नव्वदच्या दशकातलं. कापड पूर्ण झिरो-पी, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन, ज्यातून हवा जवळजवळ जातच नाही. कॅमेरावाल्यांमध्ये आणि बर्डमॅनच्या काळातल्या विंगसूटवाल्यांमध्ये ती लोकप्रिय होती ती हळुवार उघडण्यामुळे. मी घेतली बेंगळुरूच्या एका माणसाकडून. त्याला लहान कॅनोपीकडे जायचं होतं. नव्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळाली. नवी मुख्य कॅनोपी आज कुठल्याही चांगल्या कंपनीची घ्या, दोन-अडीच हजार डॉलरच्या वरच जाते, वर कुरिअर आणि कस्टम.

सेकंडहँड कॅनोपी विकणारा नेहमी उड्यांचा आकडा सांगतो. आम्ही कापडवाले आकडा ऐकतो आणि टेबल गाठतो. युनिटमध्ये टॉवेलचं कापड तपासायला खालून ट्यूबलाइट असलेलं काचेचं टेबल आहे. रविवारी लूम बंद असताना ते पुसून घेतलं, वर स्वच्छ चादर टाकली आणि एकेक सेल सरकवत कॅनोपी बघितली. आमचे जॉबर (लूम बघणारे मिस्त्री) काका किल्ल्या द्यायला आले होते, ते तिथेच थांबले.

'काय करलालाव सावकार? कुणाचा मांडव हाय हे?'

'पॅराशूट हाय काका. जरा धागा बघा की.'

काकांनी चष्मा वर केला. रिपस्टॉप त्यांना नवीन नव्हतं: बारीक धाग्याच्या विणीत ठराविक अंतरावर जाड धागा, उभा आणि आडवा, म्हणजे फाटलं तर फाट पुढच्या चौकटीला अडते. मग त्यांनी कुणी न सांगता जे केलं ते रिगर लोकही (पॅराशूट तपासणारे, दुरुस्त करणारे) करतात. कापड ओठांवर ताणून धरलं आणि जोरात हवा ओढली. 'वारं येईना की.' मधल्या सेलचं वरचं कापड, अगदी नाकाजवळचं, म्हणजे पुढच्या उघड्या कडेजवळचं, जिथे पॅक करताना सगळ्यात जास्त हात लागतात, तिथेही हवा येईना. लेप शाबूत.

पण त्यांचं लक्ष कापडावर नव्हतंच. दोऱ्या जिथे खालच्या कापडाला जोडतात तिथल्या शिलाईवरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. 'भोकं ताणल्यात बघा. लोड इथं येतंय.' मागच्या बाजूच्या दोन जोडांवर टाक्यांची भोकं गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती, उजेड त्यातून रेघेसारखा दिसत होता. धागा तुटलेला नव्हता. मी फोटो काढून रिगरला पाठवले. त्याने दुरुस्ती सुचवली, ती करून घेतली. सेकंडहँड घेताना लोक मधलं कापड उजेडात धरतात आणि खूश होतात. शिलाया बघा. कापड कधीच एकटं फाटत नाही.

दुसरं तपासलं ते दोऱ्यांची लांबी. या कॅनोपीवर मायक्रोलाइन आहे, म्हणजे स्पेक्ट्रा. बारीक, मजबूत, घडीत कमी जागा घेणारी. तिचा एक दोष: उष्णतेने आखडते. उघडताना स्लायडरच्या (उघडण्याचा वेग आवरणाऱ्या कापडी चौकोनाच्या) कड्या दोऱ्यांवरून घसरत खाली येतात, घर्षणाने दोरी तापते, दर उडीला थोडीशी कमी होते. सगळ्या दोऱ्या सारख्या आखडल्या असत्या तर बिघडलं नसतं. पण बाहेरच्या आणि ब्रेकच्या दोऱ्या जास्त आखडतात, मग कॅनोपी कायम थोडा ब्रेक लावल्यासारखी उडते आणि उघडतानाही वेडीवाकडी वागते. कंपनीचा ट्रिम चार्ट, म्हणजे दोऱ्यांच्या लांबीचा तक्ता, मिळतो. तो घेऊन, दोरीला सारखा ताण देऊन, डावी-उजवी जोडीने मोजायची. माझ्या ब्रेकच्या दोऱ्या स्पष्ट कमी भरल्या. सगळा संच बदलायला तीन-चारशे डॉलर जातात. तेवढे किमतीतून कमी करून घेतले. विकणारा आधी कुरकुरला, मोजमापाचा कागद पाठवल्यावर गप्प बसला. व्हेक्ट्रान किंवा एचएमए दोरी असेल तर ती आखडत नाही, पण तंतू सुटायला लागले की बदलायचीच, वाट बघायची नाही. डेक्रॉन जाड असते, ताणली जाते म्हणून झटका कमी देते, पण घडी फुगवते.

आता हवेतलं. पायलट चूट फेकायच्या आधी पंख मिटायचे, गुडघे सारखे, नजर समोर. फेकली की एक, दोन, बॅग उठल्याचा हलका धक्का, मग दोऱ्या सुटल्याची सळसळ, आणि मग... काही नाही. स्पेक्टरची ही सवय. स्लायडर वर तसाच राहतो, कॅनोपी अर्धी मिटलेली, आपण वर बघतोय. साध्या उडीत हे सुखाचं वाटतं, मानेला झटका नाही. विंगसूटमध्ये मुळात वारं कमी, त्यामुळे हीच वाट आणखी लांबते. पहिल्या वेळी हात रिझर्व्हच्या हँडलकडे जायला निघतो. मग एकदम सेल भरतात आणि कॅनोपी समोर बघत उभी राहते, जिकडे आपलं तोंड तिकडेच तिचं. दिशा चुकणं फार कमी. पीळ पडलाय, पण एक-दीड फेरीचा, आणि तोही तिने शांतपणे डोक्यावर थांबून सोडवू दिला.

वाट कमी करायला मी पॅकिंग बदललं. पुस्तकी पद्धतीत झटका कमी व्हावा म्हणून नाक गुंडाळतात. विंगसूटला ते नको. नाक उघडं, सरळ समोर, फक्त दोन्ही बाजू सारख्या. स्लायडर चारही बाजूंनी पुढे ओढून मोकळा. याने फरक पडतो, चांगलाच पडतो. हळू उघडणारी कोणतीही कॅनोपी विंगसूटवर आणखी हळू उघडेल हे धरूनच निवडा. जिचं साध्या उडीतच लोक 'जरा जास्तच वेळ घेते' म्हणतात ती तर नकोच.

अडीच मार्क कापले त्यातला एक इथला. दुसरा, लांबून परत येण्याचा. विंगसूटमध्ये माणूस खाली एक मीटर येताना पुढे अडीच-तीन मीटर जातो. तेरा हजार फुटांवरून दोन-तीन मिनिटं हवेत, म्हणजे वाऱ्याचा अंदाज चुकला की मैदान लांब राहतं. अशा वेळी कॅनोपीचा उतार चपटा लागतो. स्पेक्टर त्या बाबतीत मध्यम. त्याच कंपनीची स्टॉर्म, तीही सात सेल, तीही पूर्ण झिरो-पी, माझ्या एका सोबत्याकडे आहे. तिच्यावर मी काही उड्या मारल्या. मागचे रायझर थोडे ओढून धरले तर ती वाऱ्याविरुद्धही चिवटपणे पुढे जात राहते. स्पेक्टरला तेच करून बघितलं तर ती हो म्हणते आणि खालीच जाते. उतरताना ब्रेक ओढल्यावर स्टॉर्म जास्त वेळ तरंगते. स्पेक्टरवर वारा नसताना चार पावलं पळायची तयारी ठेवा, बूट चांगले घाला.

उरलेला अर्धा मार्क घडीचा. झिरो-पी कापड निसरडं, हवा पटकन सोडत नाही, बॅगेत भरताना छाती टेकून बसावं लागतं. १७० म्हणजे साधारण १६ चौरस मीटरचा पंख, वरचं आणि खालचं मिळून तीस-बत्तीस चौरस मीटर कापड, फासळ्या, म्हणजे सेलमधले उभे पडदे, वेगळ्या. आमच्या टॉवेलचं कापड चारशे-पाचशे जीएसएमचं (चौरस मीटरला ग्रॅम) असतं, हे चाळीसच्या आसपास. तरी घामाघूम होतो.

इथे लो-बल्क, म्हणजे घडीत कमी फुगणाऱ्या, नव्या कॅनोपींचा विषय येतो. गेल्या दहा-बारा वर्षांत खास विंगसूटसाठी सात सेलच्या कॅनोपी आल्या: स्क्विरलची एपिसीन, परफॉर्मन्स डिझाइन्सची होरायझन, एरोडाइनची पायलट ७, न्यूझीलंडच्या जायरोची (पूर्वीची एनझेड एरोस्पोर्ट्स) क्रॅकेन. या वर्गात वरचं कापड झिरो-पी आणि खालचं, फासळ्यांचं हलकं कमी फुगणारं अशी मिसळ बऱ्याचदा असते. फायदा खरा आहे: घडी लहान होते, म्हणजे त्याच कंटेनरमध्ये मोठी कॅनोपी बसते. छोटं कंटेनर म्हणजे पाठीवर कमी उंचवटा, विंगसूटही बरा उडतो. मी होरायझन उसनी घेऊन वापरली. नीट, लवकर आणि सरळ उघडते, स्पेक्टरसारखी वाट बघायला लावत नाही. पैसे असतील आणि विंगसूटच करणार असाल तर माझं मत या वर्गाच्याच बाजूने.

फक्त एक धंद्याची शंका. लेप नसलेलं नायलॉन गरम रोलरमधून दाबून, कॅलेंडरिंग करून, हवा अडवायला लावतात. एफ-१११ कापड तसंच. वापराने, घडीने, धुळीने तो दाब हळूहळू सैल होतो आणि कापड हवा सोडायला लागतं. खालच्या बाजूला आणि फासळ्यांना ते चालून जातं, वरच्याला नाही. म्हणून अशी कॅनोपी सेकंडहँड घेताना वरचं कापड कुठलं, खालचं कुठलं हे कंपनीकडून लिहून घ्या आणि काकांची ओठांची परीक्षा दोन्हीकडे वेगवेगळी करा. सगळ्यांचे निकाल एकसारखे येणार नाहीत, येऊही नयेत.

साइझचं गणित. माझं वजन ७४ किलो. रिग (पाठीवरचा पॅराशूटचा सगळा संच) तेरा, सूट, हेल्मेट, कपडे मिळून चार. एकूण ९१, म्हणजे दोनशे पौंड. १७० वर ते प्रतिचौरस फूट १.१८ पौंड येतं. १५० वर १.३३. मला १५० 'झेपेल' असं बरेच जण म्हणाले. साध्या उडीत झेपलीही असती. पण विंगसूटवर पीळ पडला की जास्त वजनाची कॅनोपी जास्त जोराने वळते, आणि माळावर, अनोळखी शेतात उतरायची वेळ आली की सावकाश उतरणं बरं. मी १.२ च्या वर जात नाही. १.३ च्या पुढे जाणाऱ्यांनी मला समजवायला येऊ नये. उन्हाचाही हिशोब धरा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. मे महिन्यात ४२ अंशाला इथली हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. तेवढ्यानं कॅनोपीचा वेग आठेक टक्के वाढतो, उतरतानाचाही. इथे उड्या होत नसल्या तरी उन्हाळ्यात उत्तर भारतात जाणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

कॅनोपीइतकंच महत्त्वाचं, आणि दुकानदार कधीच न सांगणारं: तिच्या आधी बाहेर पडणारं सामान. नेहमीच्या रिगवरची पायलट चूट आणि ब्रायडल विंगसूटला अपुरी पडते. ब्रायडल म्हणजे पायलट चूट आणि बॅग यांच्यामधली पट्टी. नेहमी ती सहा-सात फुटांची असते, विंगसूटला आठ ते दहा फूट घेतात, म्हणजे पायलट चूट त्या विस्कटलेल्या हवेच्या पलीकडे, स्वच्छ वाऱ्यात पोहोचते. पायलट चूटही मोठी, २८ इंच किंवा त्याहून अधिक. मी ब्रायडल नऊ फुटांची करून घेतली. स्पेक्टर तीच, पॅकिंग तेच, आणि बॅग उठायची पद्धतच बदलली. आधी कधीकधी फेकल्यावर मागे वळून बघावंसं वाटायचं, आता वाटत नाही.

मग कंटेनर. बॅग तिरकी, जवळजवळ आडवी बाहेर पडते, त्यामुळे खालच्या ट्रेचे (बॅग बसते त्या कप्प्याचे) कोपरे बंद आणि ताठ असतील तर बॅग एका कोपऱ्याला अडते, फिरते आणि पीळ तिथेच सुरू होतो. आता काही कंटेनरमध्ये हे कोपरे उघडणारे मिळतात. नवीन रिग ऑर्डर करत असाल तर तेवढी एक गोष्ट मागून घ्या. रंग नंतर निवडा. बॅगेवरच्या दोऱ्यांच्या घड्याही सारख्या लांबीच्या आणि सारख्या ताणाच्या रबरात हव्यात. रबर बँड हा सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

त्यावरून सोलापुरातल्या साठवणीचं. नायलॉनचा खरा शत्रू ऊन. दोन-चार दिवस उन्हात पसरून ठेवलं तर लेप, धागा, दोऱ्या सगळ्यांचं आयुष्य कमी होतं, वरून काहीच दिसत नाही. आमच्याकडे गच्चीवर वाळवण घालायची सवय, कॅनोपी गच्चीवर कधीच नाही. पत्र्याच्या शेडमध्येही नाही, एप्रिल-मेमध्ये तिथे आत लूम चालवणारेच टिकत नाहीत. घरातल्या मधल्या खोलीत, जमिनीलगत, कापडी पिशवीत, बंद कपाटात. आईने प्रेमाने डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या, त्या काढल्या, कॅनोपीजवळ कुठलंही केमिकल नको. चिखल लागला तर वाळू द्या आणि मऊ ब्रशने झाडा, मशीनमध्ये टाकू नका. आणि उन्हाळा सरला की सगळे रबर बँड बदला. इथल्या उन्हाळ्यात ते चिकट होतात आणि नेमके वेळेला तुटतात किंवा सुटत नाहीत, दोन्ही वाईट.

रिझर्व्हला मात्र मी हात लावत नाही. अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी परवानाधारक रिगरकडून उघडून पुन्हा पॅक करावी लागते. मी तोच नियम पाळतो आणि जिथे उडी मारायला जातो तिथेच करून घेतो.

कुणासाठी नाही? ज्यांच्या अजून दोनशे उड्या झाल्या नाहीत त्यांच्यासाठी हे सगळं वाचन फक्त करमणूक. अमेरिकन संघटना यूएसपीए विंगसूटला किमान दोनशे उड्या आणि चालू परवाना मागते, आणि तो आकडा उगाच नाही. ज्यांना उतरताना जमिनीवरून लांब घसरत जायचं वेड आहे त्यांनाही स्पेक्टर कंटाळवाणी वाटेल, त्यांनी दोन वेगळ्या कॅनोपी ठेवाव्यात. आणि ज्यांना एकच कॅनोपी साध्या उड्यांना, कॅमेऱ्याला आणि विंगसूटला लावायची आहे, सेकंडहँड घ्यायची तयारी आहे, आणि शिलाया बघायचा धीर आहे, त्यांना स्पेक्टर बिनधास्त घ्या म्हणेन.

मी आता स्टॉर्मच्या शोधात आहे. १७०, दोऱ्या बदललेली, शिलाईचे जवळून काढलेले फोटो असलेली कुणाकडे असेल तर सांगा. १५० नको. आणि उड्यांचा आकडा नाही सांगितला तरी चालेल, टेबल आहे आमच्याकडे.